त्रेचाळीस फ्लॉप्या आणि एक टेराबाइट

वरून आलेलं पत्र आमचे साहेब स्वतः कधी वाचत नाहीत. ते मेल उघडतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि "मॅडम, जरा बघता का" म्हणत खुर्ची मागे सरकवतात. धान खरेदी करणाऱ्या एका संस्थेच्या शाखेत मी गेली अठ्ठावीस वर्षं कारकून आहे. शाखा दरेकशाच्या बाजूला, जंगलपट्टीत. दोन खोल्या, एक गोदाम आणि एक हातपंप. एवढ्या वर्षांत सहा साहेब झाले. चष्म्यांचे नंबर वेगवेगळे होते, हाक एकच.

त्या दिवशीच्या पत्राचा विषय मात्र नवा होता. शाखेत पडून असलेल्या सगळ्या जुन्या डिजिटल साधनांची साठवण क्षमता काढून ती सोबतच्या ऑनलाइन तक्त्यात भरायची होती. तक्त्यात एकक निवडायला तीन पर्याय होते: टेराबाइट, पेटाबाइट आणि एक्झाबाइट. याहून लहान माप कुणाला लागेल असं ज्यानं तक्ता बनवला त्याच्या मनातही आलं नसावं. आकडा दशांशानंतर दोनच घरं घेत होता. शेवटची ओळ ठळक अक्षरांत होती. ज्या साधनाची क्षमता शून्य भरेल ते निरुपयोगी समजून सात दिवसांत नष्ट करावं आणि नष्ट करतानाचा फोटो जोडावा.

"आपल्याकडे जुनं डिजिटल काय आहे?" साहेबांनी विचारलं. फोटोचं ऐकून त्यांचा चेहरा उजळला होता.

"फ्लॉप्या असतील," मी म्हणाले.

"किती?"

"मोजाव्या लागतील."

मोजायचं म्हटलं की आमच्याकडे एकाच माणसाला बोलावतात. गोदामाचे मापारी. मापारी म्हणजे धान मापून देणारा. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्या वडिलांनी पायलीनं धान मापलं, मामांनीही सुरुवात पायलीनंच केली. मग इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि मामांच्या वाट्याला पोती मोजणं, गोदाम झाडणं आणि उंदरांशी भांडणं आलं. मोजण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नाही. ट्रक भरत असताना कुणी त्यांच्याशी बोललं, बिडी मागितली, शिवी दिली, तरी गणती चुकत नाही.

मी फायलींच्या रॅकमागून पत्र्याचा डबा काढला. कधीकाळी त्यात कुणाच्या तरी दिवाळीच्या शंकरपाळ्या आल्या होत्या. आत फ्लॉप्या. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: तळहाताएवढी, चौकोनी, काळ्या प्लास्टिकची, वरच्या काठाला सरकणारं पत्र्याचं झाकण. आजही संगणकात 'सेव्ह' करायला ज्या चित्रावर बोट ठेवता ना, ते तिचंच. आमच्या नव्या पोरीपोरांना वाटतं, ते छोट्या कपाटाचं चित्र आहे.

मामा खाली मांडी घालून बसले आणि एकेक फ्लॉपी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवू लागले. "लाभ, दोन, तीन, चार..."

आमच्या भागात मापाची पहिली गणती 'एक' म्हणून करत नाहीत. छत्तीसगडकडचे हमाल 'राम' म्हणतात, आम्ही 'लाभ' म्हणतो. माझं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या धानपट्ट्यातलं. लहानपणी अंगणात पायली भरताना मी एकदा 'एक' म्हटलं, तर आईनं पाठीत धपाटा घातला होता. तेव्हापासून माझ्याही तोंडून मापाला 'एक' निघत नाही.

"त्रेचाळीस भरल्या, बाई," मामा म्हणाले. "कोन्या कामाच्या हायेत ह्या?"

मी वरच्या तीन उचलल्या. चिठ्ठीवर माझंच अक्षर होतं, तेव्हाचं, वळणदार, बिनचष्म्याचं. 'हजेरी. मापारी. भाग पहिला.' खाली भाग दुसरा, भाग तिसरा.

या तीन फ्लॉप्यांत जे होतं त्यापायी दोन वर्षं माझी झोप उडाली होती. मामा सव्वीस वर्षं रोजंदारीवर आहेत. संस्थेनं ठराव केला होता की ज्या रोजंदाराची दर वर्षाची किमान दोनशे चाळीस दिवसांची हजेरी कागदोपत्री सिद्ध होईल, त्याला कायम करायचं. मामांची फाईल मीच बनवली. ती गोंदियाच्या मुख्य ऑफिसातून दोनदा परत आली. शेरा एकच: मधल्या तीन वर्षांची हजेरी आढळून येत नाही.

ती आढळणार कुठून? शाखेत पहिला संगणक आला तेव्हाच्या साहेबांना कागदाचा एकदम तिटकारा आला होता. त्यांनी हजेरीचं रजिस्टरच बंद केलं. तीन वर्षं सगळं संगणकात. मग ते साहेब बदलून गेले, रजिस्टर परत आलं, पुढे संगणक मेला आणि भंगारात गेला, आणि त्याच्या पोटात मामांची तीन वर्षं. मी तेव्हा घाबरटपणानं सगळ्याची नक्कल फ्लॉपीवर काढून ठेवत असे, हे मीच साफ विसरले होते. आणि मामांना साठ पूर्ण व्हायला आता वर्षभरच उरलं होतं.

"म्हंजे माहे तीन साल यात हायेत?" मामांनी विचारलं.

"आहेत, मामा."

त्यांनी ती फ्लॉपी दोन्ही हातांत घेतली, हलवून पाहिली, कानाशी धरली. "अन् साहेब म्हन्तेत नष्ट करा?"

"क्षमता शून्य भरली तर."

"मंग भरू नोका देऊ शून्य," मामा म्हणाले, जसं काही ते माझ्या हातात होतं.

मी कागद घेतला आणि हिशोबाला बसले. फ्लॉपीवर लिहिलेलं असतं १.४४ एमबी. आता एमबी म्हणजे किती, हे विचारायची सोय नाही. संगणक म्हणतो, एक हजार चोवीस बाइटांचा एक केबी आणि एक हजार चोवीस केबींचा एक एमबी. डिस्क विकणारा म्हणतो, वरचे चोवीस सोडा हो, हजारच धरा. फ्लॉपी बनवणाऱ्यानं तर कमालच केली. त्यानं एक पायरी एक हजार चोवीसची धरली, दुसरी हजाराची, आणि १.४४ हा असा आकडा काढला की तो ना घर का ना घाट का. त्यामुळे त्रेचाळीस फ्लॉप्यांची मला तीन उत्तरं मिळाली. फ्लॉपीवरचा आकडा सरळ धरला तर ०.००००६१९ टेराबाइट. खरे बाइट मोजून हजारानं भागलं तर ०.००००६३४. एक हजार चोवीसनं भागलं तर ०.००००५७७. दशांशापुढची शून्यं मी बोटानं पुन्हा पुन्हा मोजली. त्यांनाही लाभ म्हणून सुरुवात केली, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

मामांना मी हे समजावून सांगितलं, कारण साहेबांना समजावण्यापेक्षा ते सोपं होतं. ते हसले. "हे त् व्यापाऱ्याच्या पायलीवानी झालं, बाई. घेताना पायलीले शीग लावाची, देताना हात फिरवून सपाट करून द्याची. पायली थेच, धान दोन."

शीग म्हणजे मापाच्या काठावर चढवलेला धानाचा ढीग. इतकी वर्षं संगणकाची पुस्तकं वाचून मला जे कळलं नव्हतं ते मामांनी बिडी पेटवायच्या आत सांगितलं. जगभरचे डिस्क विकणारे सपाट पायलीनं देतात आणि खोक्यावर शिगेचा आकडा छापतात.

मी उलटाही हिशोब केला, हौसेनं. एक टेराबाइट भरायला सहा लाख चौऱ्याण्णव हजार चारशे चव्वेचाळीस फ्लॉप्या लागतात आणि तरी थोडी जागा उरते. एकावर एक ठेवल्या तर सव्वादोन किलोमीटर उंच थप्पी होते. आमच्या गोदामाचं छप्पर सोडा, दरेकशाचा डोंगर खाली राहील. पेटाबाइटला याच्या हजारपट, एक्झाबाइटला त्याच्याही हजारपट. तक्ता बनवणाऱ्याला आमच्या शाखेत एक्झाबाइट सापडेल अशी आशा होती, आणि आमच्याकडे झेरॉक्स मशीनमध्ये टोनर नव्हता.

तीनही उत्तरं तक्त्यात भरून पाहिली. तीनही वेळा तक्त्यानं गोल करून लिहिलं: ०.००.

"शून्य आलं म्हणजे शून्य," साहेब म्हणाले. "उद्या मागच्या अंगणात जाळून टाका. फोटो मी काढतो, मला अँगल कळतो."

"साहेब, त्यात मापाऱ्यांची हजेरी आहे."

"असेल. पण सिस्टीम शून्य म्हणते."

मला राग आला की मी फार गोड बोलते. मी साहेबांना गोड आवाजात विचारलं की शेजारच्या शाखेनं किती भरलं. त्यांनी फोन लावला. शेजारच्या शाखेनं दोन टेराबाइट भरलं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, त्यांनी नवी कोरी हार्ड डिस्क आणली होती, अजून खोक्यातच होती, आणि खोक्यावरचा आकडा उतरवून दिला होता. म्हणजे रिकाम्या कोठीचं माप देऊन त्यांनी धान असल्याचं कळवलं होतं. त्यांना वरून शाबासकीही आली होती.

साहेबांचा चेहरा पडला. शून्यवाली शाखा म्हणून आपलं नाव यादीत तळाला लागणार, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

मामा दारात उभे होते. ते म्हणाले, "माप कधी रिकामं ठेवत नाई, साहेब. मापून झाल्यावरबी चार दाने राहू द्या लागते त्यात. शून्य कायले म्हन्ता?"

साहेबांनी दुर्लक्ष केलं. मी नाही केलं. तक्ता दोन घरांपर्यंत गोल करतो, म्हणजे पाच जीबी भरले की ०.०१ दाखवणार. पाच जीबीला फ्लॉप्या लागतात तीन हजार चारशे त्र्याहत्तर. आमच्याकडे त्रेचाळीस. तीन हजार चारशे तीस कमी पडत होत्या. तेवढी शीग लावायची होती, बस.

"साहेब," मी म्हणाले, "गोदामाच्या नव्या शेडचं उद्घाटन झालं होतं ना, त्याचे व्हिडिओ आहेत तुमच्या मोबाईलमध्ये?"

होते. कसे नसतील? फीत कापताना, फीत कापायच्या आधी, कात्री सापडत नव्हती तेव्हा, कात्री सापडल्यावर, नारळ फुटेना तेव्हा, आणि भाषण. एकटं भाषणच दोन जीबी भरलं. सगळे मिळून साडेसहा जीबी झाले. साहेबांचे डोळे पाणावले. "हा शाखेचा ऐतिहासिक ठेवा आहे," ते म्हणाले, आणि मी मान डोलावली.

मी तक्ता भरला. 'फ्लॉप्या त्रेचाळीस आणि संलग्न ऐतिहासिक चित्रफिती, एकत्रित संच, क्षमता ०.०१ टेराबाइट.' तक्त्यानं हिरवी खूण दाखवली. संच नष्ट करू नये, जपून ठेवावा, असा संदेश आला. ज्या माणसानं तीन वर्षं उन्हातान्हात पोती मोजली त्याची हजेरी वाचवायला एका न फुटणाऱ्या नारळाची मदत घ्यावी लागली. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी चहा मागवला.

आता त्या फ्लॉप्या वाचायच्या कशा? फ्लॉपी वाचणारं यंत्र विकत घ्यायचा प्रस्ताव मी पाठवला. उत्तर आलं की ही वस्तू मंजूर यादीत नाही, यादीत घालायची असल्यास ती सध्या वापरात असल्याचा दाखला जोडावा. मी तो कागद चार घड्या करून टेबलाच्या डगमगत्या पायाखाली घातला. तेवढा तरी उपयोग झाला.

तोड माझ्या भाचीनं सुचवली. तिनं गोंदियाच्या बाजारात ब्लाऊजवर मोर काढून घेतला होता. ज्या दुकानात काढला तिथलं भरतकामाचं यंत्र इतकं जुनं की त्याला नक्षी फ्लॉपीवरून द्यावी लागते, असं ती म्हणाली. एका सकाळी मी आणि मामा पॅसेंजरनं गोंदियाला निघालो. डबा मामांच्या मांडीवर होता. समोरच्या बाईनं विचारलं, लग्नाचा फराळ का? मामा म्हणाले, "नाई, माही नोकरी हाये."

दुकानदारानं डबा उघडून पाहिला आणि त्याला भरून आलं. "अरे दीदी, ये तो हमारी मशीन का खाना है! आजकल मिलता कहाँ है?" त्याच्याकडे नक्षी बनवायचा एक म्हातारा संगणक होता. त्यानं पहिली फ्लॉपी आत ढकलली. घर्र, कट, कट, घर्र. तो आवाज मी वीस वर्षांनी ऐकला आणि मला नोकरीची पहिली वर्षं अख्खी आठवली. फाईल उघडली. महिन्यांचे तक्ते, तारखांची घरं, आणि मामा ज्या दिवशी कामावर होते त्या दिवसाच्या घरात, तो महिन्यातला त्यांच्या कामाचा कितवा दिवस, तो चढता आकडा. दुसरी फ्लॉपीही उघडली. तिसरीला बुरशी होती. दुकानदारानं तिचं पत्र्याचं झाकण सरकवून मलमलीच्या कपड्यानं आतली चकती पुसली आणि चार वेळा नाही म्हटल्यावर पाचव्यांदा तीही उघडली. त्यानं सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं आणि बदल्यात फक्त एक मागितलं: एक फ्लॉपी. मोरांच्या नक्षीसाठी.

मला देववली नाही. त्रेचाळीस म्हणून नोंद झाली होती. एक कमी भरली असती तर चौकशी लागली असती. त्या माणसाला नाही म्हणताना मला जेवढं ओशाळल्यासारखं झालं तेवढं पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं.

तिथून आम्ही सरळ मुख्य ऑफिसात गेलो. फाईल ज्यांच्या टेबलावर होती ते अधिकारी तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले, आणि माझ्या नशिबानं सभ्य. त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, हजेरीचे तक्ते आपल्या प्रणालीत घेतले, बटण दाबलं. मामा बाहेर बाकावर डबा घेऊन बसले होते.

"मॅडम, दिवस कमी भरतात," अधिकारी म्हणाले. "पहिल्या वर्षी दोनशे पस्तीस. पुढची दोन्ही वर्षंही दोनशे चाळीसच्या आत आहेत. सॉरी."

मी म्हटलं, शक्यच नाही. मामा सुट्टी घेणारे नव्हेत. मी परवानगी घेऊन पडदा माझ्याकडे वळवला आणि एक महिना उघडला. शेवटच्या घरात एकवीस होते. खाली प्रणालीची बेरीज म्हणत होती, वीस. दुसरा महिना: शेवटचं घर बावीस, बेरीज एकवीस. दर महिन्याला एक दिवस कमी. बारा महिन्यांचे बारा. दोनशे सत्तेचाळीसचे दोनशे पस्तीस. पुढची दोन्ही वर्षंही बारा मिळवले की दोनशे चाळीसच्या वर जात होती. मग माझी नजर महिन्याच्या पहिल्या घराकडे गेली.

पहिल्या घरात एक नव्हता. 'लाभ' होतं. मीच लिहिलेलं.

सगळं आठवलं. संगणकावरचा पहिला महिना. मामा माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी एक टाइप केला, तसे ते म्हणाले, "एक कायले लिहिता बाई? माही नवी हजेरी हाये. लाभ लिहा." आणि मी, धानवाल्याच्या घरची शहाणी, हसत हसत एक खोडून लाभ लिहिलं. मग दर महिन्याच्या पहिल्या दिवसाला तेच. छत्तीस महिने. मला वाटलं होतं, त्या माणसाचं भलं करते आहे. प्रणाली आकडे असलेलीच घरं मोजत होती. अक्षरं असलेलं घर तिच्या लेखी रिकामं. मामांचे छत्तीस दिवस मी माझ्या हातानं, माझ्या वळणदार अक्कलहुशारीनं शून्य केले होते. तक्ता बनवणाऱ्याला इतके दिवस मी मनातल्या मनात शिव्या देत होते. त्यातल्या अर्ध्या तिथल्या तिथे माझ्याकडे परत आल्या.

मी अधिकाऱ्यांना खरं ते सांगितलं.

"लाभ म्हणजे एक, याला काही आधार? एखादं परिपत्रक?"

"परिपत्रक नाही सर. माणूस आहे. बाहेर बसला आहे."

मामांना आत बोलावलं. मी त्यांना म्हटलं, डब्यातल्या फ्लॉप्या साहेबांसमोर मोजा. त्यांना कारण सांगितलं नाही. मामांनी टेबलाचा कोपरा गमछ्यानं पुसला आणि सुरुवात केली. "लाभ, दोन, तीन, चार..." अधिकारी पेनाच्या टोकानं स्वतःशी मोजत होते. मधेच त्यांचा फोन वाजला, मधेच शिपाई सही मागायला आला. मामा थांबले नाहीत. "...एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस."

अधिकाऱ्यांचेही त्रेचाळीस भरले. "म्हणजे लाभ म्हणजे एकच झाला," ते म्हणाले.

"नाई साहेब," मामा म्हणाले. "एक कसा? लाभ म्हंजे लाभ. मापात एक म्हनत नाई."

मी डोळे मिटले. सव्वीस वर्षांची नोकरी त्या एका वाक्यावर टांगलेली आणि हा माणूस 'एक' म्हणायला तयार नाही. "मामा, एकदा म्हणा ना," मी म्हणाले. "काऊन म्हनू?" ते माझ्यावरच चिडले. "बापानं कधी म्हटलं नाई, म्या कधी म्हटलं नाई."

अधिकारी हसले. हसताना ते अगदी पोरगेलेसे दिसले. मग त्यांनी फ्लॉप्या आपल्याकडे ओढल्या आणि एकेक करून पुन्हा मोजल्या, मोठ्यानं, एकपासून. मामा त्या पहिल्या शब्दाला दचकले. त्रेचाळीसच भरल्या. अधिकाऱ्यांनी फाईलवर लिहिलं: 'सदर पद्धतीची प्रत्यक्ष मोजणी करवून खात्री केली. पहिला दिवस ग्राह्य धरावा.' खाली सही केली, माझी घेतली, मामांचा अंगठा घेतला. मी इतकी वर्षं सरकारी-निमसरकारी मराठी वाचते आहे. एवढं सुंदर वाक्य मला त्यात कधी सापडलं नव्हतं, आणि बाहेर बाकावर येऊन मी रडले. मामांनी विचारलं, "का झालं? नाई म्हन्ले का?"

आदेश यायला पाच महिने लागले. त्यात कायम झाल्याची तारीख आदेशाच्या दिवसापासून धरली होती, मागची नाही. साठ पूर्ण व्हायला तेव्हा सात महिने राहिले होते. प्रणालीत मामांच्या नावापुढे 'एकूण नियमित सेवा, वर्षांत' असा रकाना होता. तिथं दशांशानंतर दोन घरांपर्यंत आकडा आला: ०.५८. सव्वीस वर्षांचं रूपांतर करून झाल्यावर एवढं उरलं होतं. मी तो आकडा मामांना वाचून दाखवताना माझा आवाज चढला. मी वरच्यांना, प्रणालीला आणि स्वतःला, तिघांनाही बोलत होते.

"शून्य त् नाई ना?" मामांनी विचारलं.

"नाही."

"मंग काऊन चिडून राहिल्या?"

पहिल्या तारखेला मी कायम कर्मचाऱ्यांचं नवं रजिस्टर उघडलं. कागदाचं. मामा इस्त्रीचा सदरा घालून टेबलापाशी उभे राहिले, हात मागे बांधून. मी त्यांचं नाव लिहिलं आणि पहिल्या दिवसाच्या घरावर पेन ठेवून थांबले. मला वाटलं, ते म्हणतील. मी ठरवलंही होतं की या वेळी म्हणाले तर लिहायचं. मग माझी नोकरी गेली तरी चालेल. रजिस्टर कागदाचं आहे, कागद काही नाकारत नाही.

मामा टेबलावर वाकले.

"एक लिहा, बाई," ते म्हणाले. "सातच महिने हायेत. त्यातला एकबी दिस जाऊ नोका देऊ."

मी एक लिहिला.